आमची टाऊनशिप : गावठाण नसलेलं गाव

ओढ्याकाठचा

मागच्या महिन्यात मामाचा फोन आला. "टाऊनशिपमध्ये राहतोस म्हणे. मग पोहायचा तलाव, क्लबहाऊस, गेटवर वॉचमन, सगळं असेल!" मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर सोयाबीन, त्यामागे मका, मक्यापलीकडे शेजाऱ्याचा सायलो, म्हणजे धान्य-चारा साठवायची उंच टाकी. वॉचमन म्हणावा तर त्याचा कुत्रा.

आपल्याकडे बिल्डरांनी या शब्दाची पार वाट लावली आहे, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. मी अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या वायव्य भागात राहतो, आणि माझं गाव म्हणजे गाव नाहीच. पार नाही, वेस नाही, बाजारपेठ नाही. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक चौकोन आहे, ३६ चौरस मैलांचा. त्यात शेतं, शेतांच्या कडेला विखुरलेली घरं, दोन दफनभूमी, आणि एका चौकात टाऊनशिपची पत्र्याची शेड. शेडमध्ये बर्फ काढायचा ट्रक आणि मिठाचा ढीग. हेच आमचं सरकार.

हा चौकोन आला कुठून? १७८५च्या जमीन कायद्यातून. नव्या देशावर युद्धाचं कर्ज होतं आणि हातात रोकड नव्हती, होती ती पश्चिमेची जमीन. ती विकायची तर आधी मोजायला हवी. म्हणून आखणी करून टाकली: दर सहा मैलांवर रेघ, एका चौकोनाचे ३६ सेक्शन, एका सेक्शनचे ६४० एकर. मोजणीला सुरुवात झाली ती याच ओहायोत, ओहायो नदी पेन्सिल्व्हेनियातून बाहेर पडते तिथे.

सेक्शनचे आकडे कसे टाकतात ते बघा, मला फार आवडतं. ईशान्येच्या कोपऱ्यात १, तिथून पश्चिमेला सरकत ६. मग खालच्या ओळीत ६च्या खाली ७ आणि तिथून उलट पूर्वेकडे १२ पर्यंत. पुन्हा वळण. शेताच्या टोकाला बैल वळवून औत परत आणतो, अगदी तसं. शेवटचा ३६ आग्नेयेला. आणि १६ नंबर येतो जवळजवळ मध्यावर. तो शाळेसाठी राखीव होता, म्हणजे त्या जमिनीच्या उत्पन्नावर टाऊनशिपची शाळा चालावी.

आता भूगोल. हा सगळा भाग म्हणजे ग्रेट ब्लॅक स्वॉम्प, मोठी दलदल. हिमयुगाच्या शेवटी इथे तलाव होता, आजच्या लेक ईरीचा पूर्वज. तो मागे हटला आणि खाली राहिली चिकणमाती, तीही तव्यासारखी सपाट. पाण्याला जायला वाटच नाही. त्यामुळे आजूबाजूचा मुलूख वसला तरी इथे कोणी येईना. हिवतापाने माणसं झिजायची, गाड्या आसापर्यंत रुतायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणले, त्याच मातीच्या भाजलेल्या नळ्या शेताखाली पुरल्या, तेव्हा कुठे जमीन कसायला मिळाली. आज ही राज्यातली उत्तम शेतजमीन धरतात. रस्त्याने गाडी चालवताना दोन्ही बाजूंना खोल चर दिसतात. रात्री बर्फात घसरलात की थेट त्यात.

आमच्याकडे सगळे रस्ते काटकोनात, एक सोडून. तो तिरका, किंचित उंचावरून जातो. मला वाटायचं आखणाऱ्याचा हात हलला असेल. नंतर कळलं, ती जुन्या तलावाची वाळूची किनारपट्टी आहे. दलदलीत कोरडी वाट तेवढीच, त्यामुळे लोक आधीपासून तिच्यावरूनच जायचे. रेघा नंतर आल्या आणि तिच्यापुढे गप्प बसल्या.

कारभाराचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. आता मका काढणारं यंत्र रस्त्यावरून चाललंय, घर हादरतंय.

खडूस_काका

वाचतोय. पण चौकोन आखला म्हणजे पंचायत होते का? नकाशावर रेघ मारणं वेगळं आणि कारभार वेगळा.

ओढ्याकाठचा

काका, मुद्दा बरोबर. मोजणीची टाऊनशिप वेगळी आणि कारभाराची वेगळी. आमच्याकडे दोन्ही एकावर एक बसल्या, सगळीकडे तसं नाही. ओहायोतच बघा. ईशान्येला कनेटिकटच्या लोकांनी पाच मैलांचे चौकोन पाडले, तिथली टाऊनशिप २५ चौरस मैलांची. सायोटो आणि लिटल मायामी नद्यांच्या मधला पट्टा व्हर्जिनियाच्या सैनिकांसाठी होता. तिथे चौकोनच नाहीत. "या ओकपासून त्या ओढ्यापर्यंत" अशी मोजणी, त्यामुळे टाऊनशिपा फाटक्या गोधडीच्या तुकड्यांसारख्या.

कारभार असा: तीन ट्रस्टी आणि एक फिस्कल ऑफिसर, म्हणजे हिशेबनीस. चौघेही निवडून येतात, चार वर्षांसाठी, विषम सालच्या नोव्हेंबरात. तिन्ही ट्रस्टी एकदम बदलत नाहीत. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी दोघं, आणि तिच्या आदल्या वर्षी एक ट्रस्टी व हिशेबनीस. सरपंच असा नाही. तिघं आपसात एकाला अध्यक्ष करतात, पण त्याचं मत एकच.

कामं? रस्ते, रस्ते, आणि रस्ते. मग दफनभूमी, आग विझवणं आणि अ‍ॅम्ब्युलन्स (तेही बहुतेकदा शेजारच्यांशी मिळून), काही ठिकाणी झोनिंग, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधायचं ते ठरवणं. शाळा यांच्याकडे नाही, तिचं मंडळ वेगळं निवडून येतं. पोलीस म्हणजे काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखी) शेरीफ.

रेखांश_७७

एक शंका. पृथ्वी गोल आहे. उत्तर-दक्षिण रेघा वर जाताना जवळ येणार. मग चौकोन चौकोन कसा राहील?

ओढ्याकाठचा

नाहीच राहत. म्हणून ठरावीक अंतरावर 'सुधारणा रेघ' घालून मोजणी पुन्हा सुरू करतात. एका टाऊनशिपच्या आत जी खोट उरते ती उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेच्या सेक्शनांच्या माथी. म्हणून तिथले सेक्शन क्वचितच पुरे ६४० एकर भरतात. रस्त्यावर हे असं दिसतं: सरळसोट रस्ता, मैलोन्‌मैल काही नाही, आणि अचानक समोर शेत. डावीकडे वळा, पन्नास-शंभर पावलं जा, उजवीकडे वळा, पुन्हा तोच रस्ता तसाच सरळ. नवखा माणूस रात्री तिथे हमखास शेतात जातो.

गुंठेवारी

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालोय, त्यामुळे राहवलं नाही.

तुमचा मैल कशाने मोजला? गंटरच्या साखळीने. एडमंड गंटर, सतराव्या शतकातला इंग्रज गणिती. साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. ८० साखळ्या म्हणजे मैल, १० चौरस साखळ्या म्हणजे एकर.

आता आपलं बघा. मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी ३३ फुटांची, बरोबर निम्मी. तिचे आणे १६. तेहेतीस फूट गुणिले तेहेतीस फूट = १०८९ चौरस फूट = एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. तुमच्या ओहायोतला सेक्शन म्हणजे आमच्या हिशेबाने २५,६०० गुंठे. एकाच साखळीने दोन्हीकडे जमीन बांधली, फक्त आमच्याकडे ती गावावर येऊन पडली आणि तुमच्याकडे गाव नसतानाच.

१८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून जे काम सुरू केलं त्यात बांध, ओढे, पांदी होत्या तशाच धरून सर्व्हे नंबर पाडले. म्हणून आपला गावनकाशा माठ फुटल्यासारखा दिसतो. शेत आधी, रेघ मागाहून. तुमचं उलट.

ओढ्याकाठचा

गुंठेवारी, साष्टांग नमस्कार. आठ वर्षं इथे एकर-एकर ऐकतोय, गुंठ्याची बाजू निम्मी साखळी आहे हे कधी डोक्यात आलं नाही.

वाटसरू_अनोळखी

छान चाललंय, पण "गाव नसताना" हे खटकलं. रेघा मारल्या तेव्हा तिथे माणसं होती.

ओढ्याकाठचा

खरं आहे, लिहायला हवं होतं. आमचा भाग मोजायला घेतला तो १८१७च्या फोर्ट मेग्जच्या तहानंतर. वायंडॉट, ओटावा, शॉनी अशा जमातींकडून वायव्य ओहायो लिहून घेतला, मग साखळी फिरली. वायंडॉट सर्वांत शेवटी गेले, १८४३ साली. आता नद्यांची आणि काउंट्यांची नावं तेवढी त्यांची. टाऊनशिपांची नावं मात्र वॉशिंग्टन, जॅक्सन, युनियन. एकट्या ओहायोत वॉशिंग्टन टाऊनशिपा चाळीसच्या वर आहेत! पत्ता सांगताना काउंटी सांगितली नाही तर अ‍ॅम्ब्युलन्स भलतीकडेच जायची.

मिनेसोटाची_मावशी

आमच्याकडे याहून मजा आहे. मार्चचा दुसरा मंगळवार हा टाऊनशिपच्या सभेचा दिवस. गावातले मतदार हॉलमध्ये जमतात आणि पुढच्या वर्षी किती कर गोळा करायचा ते तिथेच ठरवतात. हो, हात वर करून. सुपरवायझर (तुमच्या ट्रस्टींसारखे) आकडा सुचवतात, मंजूर करणारे आम्ही.

पहिल्या वर्षी मी गेले तेव्हा एकवीस माणसं होती. एका आजोबांनी उठून विचारलं, "गेल्या वर्षीचा मुरूम कुठे टाकला?" सुपरवायझरने रस्त्याचं नाव सांगितलं. आजोबा म्हणाले, "मी तिथेच राहतो." हॉल शांत. नंतर कॉफी आणि बार. (बार म्हणजे इथली वडी हो! गैरसमज नको.)

खडूस_काका

हीच तर ग्रामसभा. आपल्या कायद्यात वर्षाला किमान चार सांगितल्या आहेत. कोरम भरत नाही म्हणून तहकूब होतात आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे चार टाळकी बसून ठराव पास करतात. मावशींच्या एकवीस माणसांचा मला हेवा वाटतो.

ओढ्याकाठचा, तुमच्याकडे अशी सभा नाही?

ओढ्याकाठचा

ओहायोत लोकांनी हात वर करून कर ठरवायची पद्धत नाही, मतपत्रिकेवर ठरतो. त्याला लेव्ही म्हणतात, आणि मोजतात 'मिल'मध्ये. एक मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या हजार डॉलरला एक डॉलर. करपात्र मूल्य बाजारभावाच्या ३५ टक्के धरतात. म्हणजे दोन लाख डॉलरच्या घराचे करपात्र ७० हजार, एका मिलला वर्षाचे ७० डॉलर (सवलती वगैरे सोडून). मतदान न घेता सगळ्यांनी मिळून दहा मिलच्या वर लावायचे नाहीत, आणि त्या दहातच काउंटी, शाळा, टाऊनशिप असे वाटेकरी. त्यापुढे काही हवं असेल तर मतदारांच्या दारात या. आगीच्या बंबाची लेव्ही सहसा पास होते. रस्त्याची पडते, आणि मग तेच लोक खड्ड्यांबद्दल बोलतात.

ट्रस्टींची बैठक मात्र उघडी असते, कोणीही बसावं. मी गेलो होतो, कारण माझी तक्रार होती. रस्त्याकडेला मी दोन लायलॅकची झुडपं लावली होती, तीन वर्षं जपलेली. चराकाठचं गवत कापणाऱ्या यंत्राने ती साफ केली.

शेडच्या कोपऱ्यात एक टेबल, घडीच्या सहा खुर्च्या, मिठाचा वास. आधी झेंड्याला वंदन. मग हिशेबनीस बाईंनी मागचं इतिवृत्त वाचलं, बिलांची यादी वाचली: डिझेल, मीठ, दोन पाइप, दफनभूमीतलं गवत. एकेक चेकवर सह्या. नंतर पाऊण तास रस्त्याखालच्या एकाच मोरीवर. पाइप अठरा इंची टाकायचा की चोवीस. वरच्या शेतकऱ्याला चोवीस हवा, खालच्याला अठराच, कारण चोवीसने पाणी लवकर सुटून त्याच्या शेतात साचणार. दोघं शेजारी शेजारी बसलेले, एकमेकांकडे न बघता ट्रस्टींशी बोलत होते. तिन्ही ट्रस्टी स्वतः शेतकरी, दोघांनाही शाळेपासून ओळखणारे. शेवटी ठरलं, पाऊस पडला की तिघांनी जाऊन उभं राहून बघायचं.

मग माझा नंबर. एक ट्रस्टी शांतपणे म्हणाला, "तुझी झुडपं रस्त्याच्या हद्दीत होती." मी म्हटलं, डांबरापासून चांगली लांब होती. तो म्हणाला, "डांबर म्हणजे रस्ता नव्हे." विषय संपला. मला अजून पटलेलं नाही.

बांधावरची_बोर

अगदी आमच्या गावची सभा! बांधाची भांडणंही आणतात का यांच्याकडे?

ओढ्याकाठचा

आणतात तर. दोन शेतांमधल्या कुंपणाचा वाद झाला तर ट्रस्टींनी जाऊन पाहणी करायची आणि कोणी कुठला भाग बांधायचा ते वाटून द्यायचं, असं ओहायोच्या कायद्यातच आहे. आता जनावरं कमी झाली, कुंपणं काढून टाकली, त्यामुळे वाद उरलेत ते पाण्याचे. रस्त्याकडेचा चर टाऊनशिपचा. मोठा चर हवा असेल तर शेतकऱ्यांनी काउंटीकडे अर्ज करायचा, मग ज्याच्या जमिनीला फायदा त्याच्यावर खर्चाची वाटणी.

पेनवाला

पेन्सिल्व्हेनियात चौकोन वगैरे काही नाही. डोंगर, ओढा आणि जुन्या जमीनमालकांच्या मर्जीप्रमाणे हद्दी. ग्रामीण टाऊनशिपला आमच्याकडे कायद्यानेच 'दुसऱ्या वर्गाची' म्हणतात. आम्ही राहतोय दुसऱ्या वर्गात, कर भरतोय पहिल्या वर्गाचा.

ओहायोच्या शेजारच्या इंडियानात टाऊनशिपचा ट्रस्टी अडल्यानडल्यांना मदत देतो: भाडं थकलं, वीज तुटायची वेळ आली तर अर्ज त्याच्याकडे. रस्ते तिथे काउंटीकडे. नाव एक, कामं प्रत्येक राज्यात निराळी. आणि पश्चिमेच्या बऱ्याच राज्यांत टाऊनशिपचं सरकारच नाही, मोजणीचे चौकोन तेवढे आहेत. ५० पैकी २० राज्यांत ही पंचायत सापडते.

हिशेबी

स्पष्ट बोलतो, राग नसावा. थोड्याशा लोकवस्तीसाठी तीन ट्रस्टी, एक हिशेबनीस, एक ट्रक, एक शेड. शेजारच्या चौकोनात पुन्हा तेच. ओहायोत अशा १३०० हून अधिक आहेत. काउंटीकडे देऊन मोकळं का होत नाही? एक ट्रक तीन चौकोनांना पुरेल.

ओढ्याकाठचा

इथेही हा वाद नेहमीचा. तुमचा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण ट्रस्टींची मिळकत फुटकळ असते, शेती सांभाळून करतात. ट्रक चालवणारा माणूस एकच, आणि कुठल्या वळणावर वाऱ्याने बर्फ साचतं ते त्याला झोपेत ठाऊक असतं. काउंटीचा नांगर आधी मोठे रस्ते करणार, आमचा रस्ता दुपारी.

खरा धोका मात्र दुसरीकडून आहे. जवळच्या शहराला वाढायचं असलं की जमीनमालकाच्या अर्जावर तुकडा शहरात ओढला जातो. ओहायोत ५,००० वस्तीवर शहर, त्याखाली 'व्हिलेज'. दोन्ही नगरपालिकाच, आणि टाऊनशिपपेक्षा अधिकारांनी वजनदार. सहा मैलांचा चौकोन उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखा होतो. जे तुकडे जातात ते नेमके गोदामांचे आणि दुकानांचे, कर देणारे. उरतात रस्ते.

हिशेबी

कर देणारे तुकडे जातात आणि रस्ते उरतात, हे पटलं. ट्रकचं नाही पटलं.

रेखांश_७७

अवांतर: ते सगळं शेतातलं पाणी चरातून शेवटी जातं कुठे?

ओढ्याकाठचा

मॉमी नदीतून लेक ईरीत, खतासकट. ऑगस्ट २०१४ मध्ये तलावात विषारी शेवाळ माजलं आणि टोलीडो शहर परिसरातल्या चार लाखांवर लोकांना दोनतीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. उकळूनही चालत नव्हतं. टाऊनशिपच्या चराला हद्द असते, पाण्याला कुठली! आणि त्यावर आमचे तिघं ट्रस्टी काही करू शकत नाहीत, तो विषय राज्याचा. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

गुंठेवारी

ओढ्याकाठचा, एक काम करा. सेक्शनचे कोपरे बहुतेकदा चौकाच्या मधोमध येतात. तुमच्या चौकात डांबरात एखादं लोखंडी झाकण आहे का बघा. खाली मोजणीची खूण असेल. आणि तुमच्या रस्त्याची नोंदलेली रुंदी काउंटीच्या इंजिनिअरकडे विचारा. झुडपांचा निकाल मी इथून देतो.

ओढ्याकाठचा

गेलो होतो आज. झाकण आहे! बशीएवढं, गंजलेलं. वरून डांबराची खडी बसली होती, बुटाने खरडल्यावर दिसलं. आठ वर्षं रोज त्यावरून गाडी नेतोय.

रुंदी विचारली. आमच्या रस्त्याची नोंद ६६ फुटांची आहे.

गुंठेवारी

म्हणजे एक साखळी. मध्यापासून दोन्हीकडे ३३-३३. झुडपांची खोडं राहिलीत ना? मधल्या रेघेपासून टेप लावा.

ओढ्याकाठचा

लावला. एक २८ फुटांवर, दुसरं साडेतीस.

गुंठेवारी

गुंठ्याच्या आत. दावा खारीज. पुढच्या वेळी ३५ वर लावा.